कोंबड्यांचें धूलिस्नान

हत्ती स्नान करून बाहेर येतो आणि लगेच अंगावर धूळ उडवून घेतो; त्यावरून व्यर्थ कर्मास संस्कृतांत 'गजस्नान' म्हणतात. हा दृष्टान्त आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. परंतु धूळ हेंच एखाद्या जीवाचें स्नान असतें, हें आम्हांस नातवंडांच्या दोन कोंबड्यांनीं शिकविलें.

"ब्राह्मणाच्या घरीं कोंबड्या!" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं कार्तिकेयाच्या ध्वजावरील कुक्कुट आठवावा. असो. आमचें अंगण फरशीचें. मातीचा कण नाहीं. श्रावणांत दोघींचीं पिसें विस्कटलीं, चोंचीनें त्या सारखें अंग टोकरूं लागल्या. पंखाखालीं उवा दिसल्या. मुलांनीं आम्हांस विचारलें, आम्हींच सांगितलें, "न्हाऊं घाला." ऊन पाण्यानें न्हाऊं घातलें खरें, पण पावसाळी गारठ्यांत पिसें सुकेनात. सायंकाळीं धाकटी कोंबडी मान टाकून कांपूं लागली. "आजोबा, ती जगेल ना?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पंचांत गुंडाळून रात्रभर चुलीच्या उबेस ठेवली, तेव्हां वांचली.

कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशीं तैलग्रंथि असते. तें तेल ती चोंचीनें पिसांस लावते. जुनें झालेलें तेल बारीक धूळ शोषून घेते, पिसें मोकळीं होतात आणि उवांचा उपद्रवही कमी होतो. अंड्यांतून निघालेलीं पिलें थोड्याच दिवसांत, कोणीं न शिकवितां, धूळ अंगावर घेऊं लागतात.

दोन-तीन कोंबड्यांस दोन फूट लांब-रुंद व एक फूट खोल खोकें पुरे. त्यांत 2 भाग चाळलेली कोरडी माती, 2 भाग बारीक वाळू व 1 भाग राख मिसळून सहा इंच थर द्यावा. माती खत वा कीटकनाशक न घातलेली असावी. राख साध्या लाकडाची व पूर्ण निवालेली असावी. कोळशाची वा रंग दिलेल्या लाकडाची नको. ओल्या राखेचा क्षार कातडीस पोळतो. म्हणून खोकें पडवींत, ऊन येईल पण पाऊस लागणार नाहीं असें ठेवावें. चुना मुळींच घालूं नये. विष्ठा रोज काढावी. मिश्रण दमट झालें कीं बदलावें.

मात्र एवढ्यानें सर्व भागलें असें समजूं नये. कांहीं तांबूस किडे दिवसां खुराड्याच्या फटींत लपतात व रात्रीं रक्त पितात. तुरा फिकट पडला, तर फटी तपासून खुराडें साफ करावें व पशुवैद्यास दाखवावें.

आमचें खोकें मांडलें त्या दुपारीं धाकटी आंत उतरली, कुशीवर लोळली आणि अर्धा तास पंखांनीं धूळ उडवीत राहिली. मुलें टाळ्या पिटूं लागलीं. ज्याचें पालन पत्करावें, त्याचा धर्म आधीं जाणून घ्यावा. आम्ही तो उशिरां जाणला, वाचकांनीं वेळेवर जाणावा.