आरशापलीकडचा चेहरा

आपला चेहरा आपणांस कधीच प्रत्यक्ष दिसत नाही, ही मोठी नवलाची गोष्ट होय. साऱ्या जगाला पाहणारे डोळे स्वतःचे मुख मात्र पाहू शकत नाहीत. त्यासाठी आरशाचे किंवा छायाचित्राचे साहाय्य घ्यावे लागते. आणि हे दोन साक्षीदार एकच साक्ष देत नाहीत! भांग डावीकडे पाडला, तर आरशात तो आपल्या डाव्या हाताच्याच बाजूस दिसतो. छायाचित्रात तो उजव्या हाताच्या बाजूस येतो. त्यातच मनुष्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. म्हणून आरशाला सरावलेल्या मुलास वर्गाच्या छायाचित्रात आपले रूप परके वाटते व ते उगाच खिन्न होते.

अमेरिकेत १९७७ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनींना त्यांचीच सरळ व उलटी छायाचित्रे दाखविली, तेव्हा अधिक जणींना आरशातल्यासारखे उलटे चित्र आवडले. त्यांच्या स्नेह्यांना मात्र सरळ चित्र आवडले. दोष चेहऱ्याचा नव्हता. ज्याची ज्याला सवय, ते त्याला गोड वाटले, इतकेच!

मग आपले खरे रूप कोणते? हॉलंडचा थोर चित्रकार रेम्ब्राँ याने हा प्रश्न जन्मभर स्वतःस विचारला. त्याने स्वतःची सुमारे ४० रंगचित्रे व सुमारे ३० कोरीव ठसाचित्रे केली. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. परंतु त्यानंतरच्या चित्रांतही त्याने आपल्या सुरकुत्या झाकल्या नाहीत.

या रेम्ब्राँचे नाव जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावी एका घराला मिळाले. ते घर कलावंत केकी मूस यांचे. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईस झाला. ते क्वचितच घराबाहेर पडत. तरी त्यांच्या छायाचित्रांची कीर्ती परदेशी गेली. टेबलावर साध्या वस्तू मांडून व त्यांवर नेमका प्रकाश पाडून ते असे देखावे टिपीत की, पाहणारास तो खराच प्रदेश वाटे. व्यक्तिचित्रे, रंगचित्रे, लाकडावरील कोरीव काम, मातीच्या मूर्ती, कागदाच्या घड्यांची कला, या सर्वांत त्यांचा हात चाले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते निवर्तले.

मूस जन्मले त्याच वर्षी पॅरिसमध्ये पिकासो याने चित्रफलकावर मेणकापड चिकटवून भोवती दोर लावला. रंगाच्या जोडीस प्रत्यक्ष वस्तू आली. अशा चित्रास मिश्रमाध्यमचित्र म्हणतात. या रीतीने व्यक्तिचित्रही करता येते. जळगावकडील मुलगा केळीच्या वाळल्या सोपटाचे केस करील. धुळ्याकडील मुलगी आजोबांच्या मिशांना शेतातला कापूस लावील. कोणी जुन्या पत्राचा तुकडा, तर कोणी आईच्या लुगड्याची चिंधी चिकटवील. असे चित्र हुबेहूब नसेल. परंतु तो मनुष्य कोठे वाढला, कोणाच्या मायेत वाढला, हे ते सांगेल. आरशाला एवढे सांगता येत नाही.

म्हणून एखाद्या छायाचित्रावरून स्वतःची किंमत ठरवू नये. आरसा कातडी दाखवितो. मनुष्य त्याहून पुष्कळ मोठा असतो.