कॉलेजचे नाव आणि एम.डी.ची जागा

केळापूर तालुक्यातल्या एखाद्या पोडावरची मुलगी एम.बी.बी.एस.ला लागली की मंडळीतून पहिला प्रश्न येतो, "कॉलेज कोणते?" यवतमाळचे शासकीय महाविद्यालय म्हटले की आनंदाबरोबर थोडी काळजीही दिसते. मुंबईचे मोठे नाव नाही, मग पुढे एम.डी.ला हिला कोण घेणार? पाठीराखे हे मला वारंवार विचारतात, म्हणून आज सविस्तर लिहितो.

अमेरिकेत ही काळजी रास्त ठरली असती. तिथे रेसिडेन्सीसाठी रुग्णालये उमेदवाराचे कॉलेज, शिफारसपत्रे आणि मुलाखत हे सारे पाहतात. तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी २०२२ पासून कळवले जात नाहीत, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. त्यामुळे कॉलेजच्या नावाचे वजन आणखी वाढेल, अशी भीती तिथल्याच अनेकांनी बोलून दाखवली.

आपल्याकडची रीत वेगळी आहे. २०१७च्या प्रवेशांपासून एम.डी., एम.एस.साठी नीट-पीजी ही देशभराची सामाईक परीक्षा लागू झाली. प्रश्न २००, गुण ८००. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. मुंबईच्या आणि यवतमाळच्या मुलांना एकाच मापाने मोजले जाते. जागा ठरते ती क्रमांकावर, प्रवर्गावर आणि मुलाने भरलेल्या पसंतीवर. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाची स्वतःची निवडपद्धत आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पण खासगी आणि अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० रोजी दिला.

कॉलेज कुठल्या राज्यात आहे, याला मात्र महत्त्व आहे. शासकीय महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा देशभरातल्या उमेदवारांसाठी असतात आणि निम्म्या राज्याच्या वाट्याच्या. केवळ रहिवासी म्हणून या जागा राखून ठेवता येणार नाहीत, पण तिथेच शिकलेल्यांना वाजवी मर्यादेत प्राधान्य देता येईल, असे न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी सांगितले. म्हणजे महाराष्ट्रात एम.बी.बी.एस. करणे आपल्या मुलांच्या फायद्याचे आहे; मग ते मुंबईत असो की यवतमाळला. अनुसूचित जमातींसाठी देशपातळीवरच्या वाट्यात ७.५ टक्के आणि राज्याच्या वाट्यात ७ टक्के जागा राखीव असतात.

मग नावाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो आडवाटेने होतो. मोठ्या कॉलेजात बरोबरीची मुले पहिल्या वर्षापासून या परीक्षेची भाषा बोलतात. कोणती पुस्तके वाचायची, कोणते क्लास लावायचे हे सांगणारे सीनियर वसतिगृहातच भेटतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला हे कोणी सांगितलेच नाही, तर इंटर्नशिप लागेपर्यंत तिला त्याचा पत्ता नसतो. ही उणीव भरून काढता येते. आपल्या मंडळ्यांमध्ये डॉक्टर आहेत. त्यांनी एखाद्या विद्यार्थिनीशी महिन्यातून एकदा फोनवर बोलायचे ठरवले, तरी पुष्कळ होईल.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती पैशाची आहे. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप झाली की मुलगी डॉक्टर होते. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना वर्षभर शासनाची सेवाही करावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातली ओपीडी आणि रात्रीची बाळंतपणे सांभाळून अभ्यास होणे कठीण. सधन घरचा मुलगा अशा वेळी नोकरी न करता वर्षभर अभ्यासाला बसतो आणि क्लासची फी भरतो. आमच्या मुलीच्या घरी कपाशीवर काढलेले कर्ज असते आणि धाकटी भावंडे शाळेत असतात. सगळे म्हणतात, "आता डॉक्टर झालीस ना, घराला हात लाव." ती मिळेल ती नोकरी धरते आणि एम.डी.चा विचार मागे पडतो. त्यात यवतमाळच्या कॉलेजचा काही दोष नसतो.

एकदा एम.डी.ला जागा मिळाली की तीन वर्षे विद्यावेतन मिळते. त्याआधी मात्र शिष्यवृत्ती संपलेली असते आणि विद्यावेतन सुरू झालेले नसते. आधार लागतो तो याच मधल्या काळात.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. मुलाला किंवा मुलीला यवतमाळला जागा मिळाली तर मन खट्टू करू नका. घर एस.टी.च्या अंतरावर राहते, हाही लाभच आहे. दुसरे, आपण एखाद्या विद्यार्थ्याचा खर्च उचलत असाल, तर पदवीच्या फोटोपाशी थांबू नका. अभ्यासाचे ते एक वर्षही आपल्या हिशोबात धरा. आमच्या भागाला बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हवे आहेत, आणि पोडावरच्या बाईशी तिच्याच बोलीत बोलणारी डॉक्टर मिळाली तर देवाचे आभार मानावेत तितके थोडे.