झावळ्यांचा रविवार : राजा घोड्यावर नव्हे, गाढवावर का आला?

ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार, अर्थात पाम संडे. येशू ख्रिस्ताच्या यरुशलेम प्रवेशाची आठवण म्हणून ख्रिस्ती भाविक या दिवशी झावळ्या हातात घेऊन चर्चमध्ये जमतात.

तेव्हा वल्हांडण सणासाठी यरुशलेम गजबजलं होतं आणि सत्ता रोमनांची होती. लढाईला निघालेला राजा घोड्यावर बसतो. येशू आला तो गाढवाच्या शिंगरावर. अशा नम्र राजाचं वर्णन जुन्या करारातल्या जखऱ्याच्या पुस्तकात आधीच आहे. लोकांनी वाटेवर कपडे अंथरले, 'होसान्ना'चा गजर केला. या शब्दाचा मूळ हिब्रू अर्थ 'आम्हाला वाचव'.

पण वाचवायचं कशापासून? अनेकांना रोमनांना हुसकावणारा राजा हवा होता. हा राजा तलवार न उचलता आला आणि त्याच आठवड्यात क्रूसावर गेला. म्हणूनच कॅथलिक चर्चमध्ये मिरवणुकीनंतर लगेच त्याच्या दुःखसहनाची कथा वाचली जाते.

आशीर्वादित झावळ्या घरी जपून ठेवतात. पुढच्या वर्षी त्यांचीच राख करून राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. काल जयघोष केलेल्या हातातली झावळीच पश्चात्तापाची खूण होते. सौम्य राजाचं स्वागत सोपं, त्याच्या वाटेनं चालणं अवघड, याची ती आठवण.