उलांडी : आपल्या होडीचा आधाराचा हात

मंडळी, हल्ली पोरांच्या मोबाईलवर फिलिपिन्सच्या होड्यांचे व्हिडिओ सारखे दिसतात. मधे निमुळती होडी, दोन्ही बाजूंना लांब बांबू बांधलेले. पाण्यावर पाय पसरून बसलेल्या कोळ्यासारखी दिसते. तिकडे तिला बांका म्हणतात नि बाजूच्या बांबूंना कातिग. पोरं म्हणतात, काय डोकं चालवलंय बघा! अरे पोरांनो, दांडीच्या वाळूवर तुमच्या आज्याची होडी उभी असायची ना, ती याच घराण्यातली. फरक एवढाच, त्यांचे आधार दोन बाजूंना, आपली उलांडी एकाच बाजूला.

मुंबई-पालघरकडच्या बांधवांना हा प्रकार क्वचितच बघायला मिळेल. पण मालवण-वेंगुर्ल्यापासून गोवा-कारवारपर्यंत लहान होडी म्हटली की उलांडी आलीच. श्रीलंकेची ओरू होडीही एकाच उलांडीची. जावा बेटावरच्या बोरोबुदूरच्या स्तूपावर असे आधार लावलेली मोठी शिडाची जहाजं कोरलेली आहेत, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. म्हणजे ही युक्ती किती जुनी आणि किती दूर पसरलेली, याचा अंदाज करा.

काम मात्र साधं आहे. कोरलेल्या खोडाची होडी अरुंद. ती हलकी चालते, पण जरा कलंडलं की उलटायला वेळ लागत नाही. बाजूला दोन आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा ओंडका लावला की चित्र बदलतं. होडी उलांडीकडे झुकली तर ओंडका बुडायला नकार देतो, पाणी त्याला वर ढकलतं. उलट बाजूला झुकली तर ओंडका वर उचलला जातो आणि त्याचं वजन होडीला परत खाली खेचतं. म्हणून ओंडका फार हलका नको नि फार जडही नको. जाळं सोडायचं मोकळ्या बाजूने, उलांडीकडून सोडलं तर गुंतलंच म्हणून समजा!

होडीला आंब्याचं खोड, उलांडीला पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड. बाजू उंच करायला फळ्या लावायच्या त्या काथ्याने शिवून. लाकडाला माशाचं तेल. उलांडी खिळ्याने ठोकत नसत, दोरीनेच बांधत. लाट आली की बांध थोडा सैल देतो, काठी मोडत नाही. ही बांधणी कुठल्या पुस्तकात नव्हती, हाताला ठाऊक होती. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ती आता येत नाही, हे सांगताना लाज वाटते.

आता फायबर आलं. त्याला आमचा विरोध नाही. कुजत नाही, दरवर्षी तेल चोळायला नको, दोन माणसं ओढून वर घेतात. पण काही जण धक्क्याला जागा अडते म्हणून उलांडीच काढून टाकतात आणि त्याच अरुंद होडीला मागे इंजिन लावतात. वजन एका टोकाला, वेग जास्त, आधार शून्य. बाबांनो, निदान रुंदी तरी वाढवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक-दोन माणसांची होडी दूर जात नाही, तिचं पोट किनाऱ्याजवळच्या मासळीवर. फिलिपिन्सने 1998 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचं पाणी मुख्यतः लहान मच्छीमारांसाठी ठेवलं. आपल्याकडे 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंधही आले. कागद आहेत, पण रात्री किनाऱ्याजवळ दिवे कोणाचे दिसतात ते रापणवाल्यांना विचारा. बांगडा आत आलाच नाही तर उलांडी कितीही घट्ट बांधा, उपयोग काय?

जुन्या लाकडी होड्यांपैकी काही रिसॉर्टच्या दारात फुलझाडं लावायला गेल्या, काही चुलीत. ज्यांच्या अंगणात किंवा माडाखाली अजून एखादी आहे, त्यांनी ती मोडण्याआधी आम्हाला कळवा. होडीची लांबी, उलांडी होडीपासून किती हात लांब, लाकूड कुठलं, आणि गाठीचा जवळून फोटो. घरात बांधणारं माणूस असेल तर त्याच्याच आवाजात व्हिडिओ करा, मालवणीतच. आम्ही सगळं एका वहीत नोंदवतोय. पहिली चार पानं झाली आहेत.