व्यायाम, अभ्यंग आणि मर्दन : क्रम व मर्यादा

पाटोदा तालुक्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे, तर आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले. बीड जिल्ह्यात आज तालमीत घाम गाळणारे आणि पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी करणारे तरुण आपल्या दवाखान्यात येतात. त्यांची मागणी बहुधा एकच असते : "डॉक्टर, उद्या ग्राउंड आहे, आज पायांची जोरात मालिश करून द्या."

व्यवसायाच्या आरंभी प्रस्तुत लेखकानेही ही मागणी पुरविली आहे. असा एक तरुण दुसऱ्या दिवशी जड पायांनी धावला व थोडक्यात मागे राहिला. मर्दनामुळेच तसे घडले, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु आदल्या दिवशी तीव्र मर्दन करावयास नको होते, हे निश्चित.

शास्त्रोक्त क्रम

वाग्भटाचार्यांनी दिनचर्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, मर्दन, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम दिला आहे. व्यायामोत्तर मर्दन सर्वांगास, पण शरीरास सुख वाटेल इतकेच करावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. चरकाचार्यांनी तेल मुरलेला घट, चामडे व गाडीचा आस यांचे दृष्टांत देऊन अभ्यंगाने शरीर क्लेश व व्यायाम सहन करणारे होते, असे सांगितले आहे. हे फळ नित्य सेवनाचे आहे, एका दिवसाच्या मालिशचे नव्हे.

आधुनिक संशोधन

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९ अभ्यासांतील १०१२ व्यक्तींची माहिती तपासली गेली. मर्दनाने बल, वेग, उडी वा दमसास वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. लवचिकता व व्यायामोत्तर वेदना यांत मात्र अल्प लाभ दिसला. मर्दनाने 'लॅक्टिक ॲसिड निघून जाते' हा समजही टिकत नाही. ते विश्रांतीत तासाभरात आपोआप कमी होते, तर स्नायूंचे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते. म्हणजेच मर्दन हे श्रमहर आहे. त्याने स्पर्धा जिंकून देण्याचे आश्वासन आपण रुग्णास देऊ नये.

चिकित्सेत उपयोग

१) तयारीच्या काळात व्यायामापूर्वी कोष्ण तिलतेलाचा सौम्य अभ्यंग नित्य करण्यास सांगावे.
२) व्यायामानंतर श्वास स्थिर होऊन घाम निवाल्यावर, पाणी पाजून, मांड्या व पिंढऱ्यांचे १५ ते २० मिनिटे सुखकर मर्दन करावे, नंतर उष्णोदकाने स्नान.
३) स्पर्धेच्या आदल्या दिवशी तीव्र मर्दन टाळावे. नवे तेल वा नवी पद्धत त्या दिवशी सुरू करू नये.
४) व्यायाम अर्धशक्तीनेच करावा, हा दंडक शीत व वसंत ऋतूंसाठी आहे, आपल्याकडील उन्हाळ्यात त्याहूनही कमी करण्यास सांगावे.

सावधानता

अजीर्ण, नवज्वर, कफग्रस्तता व नुकतेच शोधन झालेले असताना अभ्यंग वर्ज्य आहे. ताजी सूज, स्नायू फाटल्याची वा अस्थिभग्नाची शंका असल्यास मर्दन करू नये. अतिश्रमानंतर लघवी काळसर होत असल्यास तो स्नायूंच्या नाशाचा संकेत असू शकतो. अशा रुग्णास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. मालिशच्या तेलासोबत खेळाडू 'ताकदीची गोळी'ही मागतात. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांत कुचला असतो आणि त्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात डोपिंगविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहे. नमुन्यात ते आढळल्यास 'आयुर्वेदिक औषध होते' हा खुलासा खेळाडूला वाचवू शकत नाही. तेव्हा गिऱ्हाईक स्पर्धेत उतरणारे आहे काय, हे आधी विचारावे.

कोरडवाहू शेतीवर किंवा ऊसतोडीवर जगणाऱ्या घरातील मुलासाठी भरतीचा तो एक दिवस फार मोलाचा असतो. त्याला त्या दिवशी हलके पाय मिळावेत, यासाठी आपले खरे काम आधीच्या तीन महिन्यांत आहे.