सेइता, सेत्सुको आणि भाताचा हिशेब

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' म्हणजे रडवणारा सिनेमा, अशी त्याची ख्याती. रडू येतं, नाही असं नाही. पण इसाओ ताकाहाता यांच्या १९८८च्या या जपानी अ‍ॅनिमेशनपटात मला रडण्यापेक्षा चिडायलाच जास्त जागा सापडली. आणि राग कुणाचा, हे दर खेपेला बदलत गेलं.

५ जून १९४५. अमेरिकेची बी-२९ विमानं कोबे शहरावर आगीचे बॉम्ब टाकतात. चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या सेत्सुकोला पाठुंगळी घेऊन निसटतो. आई भाजून मरते, वडील नौदलात. पोरं दूरच्या नात्यातल्या काकूकडे आसऱ्याला जातात. विमानं त्यानंतरही येत राहतात, पण मुलांच्या जिवावर उठतो तो भाताचा हिशेब.

आईचे किमोनो देऊन काकू तांदूळ आणते. पांढराशुभ्र भात बघून सेत्सुको हरखते. थोड्याच दिवसांत काकूची पळी बोलू लागते : कामावर जाणाऱ्यांना भाताचे गोळे, या दोघांच्या वाडग्यात पाणचट कांजी. तांदूळ तर आपलेच ना, असं सेत्सुको कुरकुरते. पहिल्यांदा पाहताना ती पळी हिसकावून घ्यावीशी वाटली होती.

माझ्या आईचं मत वेगळं. "तिचं काय चुकलं? एवढा घोडा झालाय, दिवसभर लोळतो. हातभार लावायला नको?" आईने बाहत्तरच्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाल्ल्यात, खाणारी तोंडं मोजणाऱ्या बाईला ती सहजासहजी दोष देत नाही. कॉलेजातल्या भाच्याला कळेना की बँकेत आईचे सात हजार येन असताना पोरं उपाशी का. पैसे असून भागत नव्हतं, हीच तर गोम. रेशन शेजारसंघामार्फत मिळायचं. काकूचं घर सोडून तळ्याकाठच्या खंदकात राहायला गेलेला सेइता त्या यादीतूनच बाहेर पडला. एक शेतकरी त्याला हेच बजावतो, पडतं घे आणि परत जा म्हणतो. सेइता जात नाही. आता माझा राग त्याच्यावर असतो, आणि तो चौदाचा आहे हे आठवलं की तोही टिकत नाही.

ताकाहातांना 'युद्धविरोधी' हा शिक्का मान्य नव्हता. समाजाशी नातं तोडून दोघांनीच जगू पाहणं आणि ते न जमणं, हा त्यांचा विषय. बॉम्बहल्ला त्यांना ऐकून माहीत नव्हता : नऊ वर्षांचे असताना ओकायामाच्या आगीतून ते बहिणीबरोबर अनवाणी पळाले होते. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ची. त्यांची तान्ही बहीण १९४५मध्ये उपासमारीने गेली. सेइताइतके आपण मायाळू नव्हतो, तिच्या वाट्याचंही आपण खाल्लं, हे नोसाकांनी पुढे कबूल केलं. कथेतला भाऊ प्रेमळ का, याचं याहून कडू उत्तर मला माहीत नाही.

गंमत म्हणजे हा सिनेमा जपानात हायाओ मियाझाकींच्या 'माय नेबर टोटोरो' या मुलांच्या सिनेमासोबत एकाच तिकिटावर दाखवला गेला. मुलांना घेऊन आलेल्या आईबापांची काय तारांबळ उडाली असेल! सप्टेंबर २०२४मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. घरात लहान मुलं असतील तर आधी एकट्याने पाहा. आणि दोन्ही पाहणार असाल, तर टोटोरो नंतर ठेवा.