साक्ष रक्ताची, निवाडा वैद्याचा

कुंपणानेच शेत खावे, असा प्रकार मानवी शरीरात घडत असेल, हे वैद्यकशास्त्राने फार काळ मान्य केले नव्हते. शरीर आपल्याच घटकांविरुद्ध शस्त्र उगारण्यास धजत नाही, असे प्रतिपादन जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १९०१ च्या सुमारास केले आणि त्यांच्या अधिकारामुळे ते कित्येक दशके प्रमाण मानले गेले. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेल्या पेशी आढळल्याचे जाहीर केले. स्वतःच्याच केंद्रकातील द्रव्यांना चिकटणारी प्रतिपिंडे या प्रकाराच्या मुळाशी आहेत, हे पुढील दशकात स्पष्ट झाले आणि जुन्या श्रद्धेला तडा गेला.

ल्यूपस, स्क्लेरोडर्मा, शोग्रेनचा विकार, स्नायुदाह हे संयोजी ऊतकांचे विकार या स्वप्रतिपिंडांशी निगडित आहेत. सांधे, त्वचा, मूत्रपिंडे, फुप्फुसे यांपैकी कशावरही ते घाला घालू शकतात. ल्यूपसच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा ऐन उमेदीच्या वयातल्या.

नवल असे की या प्रतिपिंडांची लक्ष्ये असलेली प्रथिने प्रत्येक पेशीच्या नित्य कारभारातील असतात. तरीही कोणते प्रथिन लक्ष्य झाले यावरून रोगाची ओळख पटते. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराविरुद्धची प्रतिपिंडे स्क्लेरोडर्माच्या सर्वांगी प्रकारात सापडतात. प्रथिननिर्मितीसाठी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल जुळवून देणाऱ्या विकराविरुद्धची ‘जो-१’ प्रतिपिंडे स्नायूंबरोबर फुप्फुसांनाही धोका असल्याचा इशारा देतात. ‘एसएम’ प्रतिपिंडे आढळली की संशय ल्यूपसवरच जातो. ‘एसएम’, ‘रो’, ‘ला’, ‘जो’ ही नावे ज्यांच्या रक्तात ती प्रथम सापडली त्या रुग्णांच्या नावांतील अक्षरांवरून पडली आहेत.

शास्त्रावरील रुग्णांचे ऋण एवढ्यावर संपत नाही. १९७९ साली येल विद्यापीठात मायकेल लर्नर व जोन स्टाइट्झ यांनी ल्यूपसच्या रुग्णांचा रक्तरस वापरून केंद्रकातील लहान आरएनए व प्रथिने यांचे कण वेगळे काढले. जनुकाच्या संदेशातील अनावश्यक भाग कापून उरलेले तुकडे सांधण्याच्या कामात या कणांचा हात असावा, असे त्यांनी सुचविले आणि ते पुढे खरे ठरले. जे रक्त रुग्णाला जाचत होते, त्यानेच पेशीचे एक गुपित उघड केले.

प्रयोगशाळेत इतके नेमके ठरलेले हे साधन व्यवहारात मात्र पुष्कळदा अविचाराने वापरले जाते. अंग दुखते, थकवा येतो, एवढ्यावर केंद्रकविरोधी प्रतिपिंडांची चाचणी करून घेतली जाते आणि अहवाल होकारार्थी आला की घरावर चिंतेचे सावट पडते. वस्तुतः १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत रक्तरस चाळीसपट पातळ केला असता निरोगी व्यक्तींपैकी जवळजवळ एकतृतीयांश, आणि एकशेसाठपट पातळ केला असता सुमारे ५ टक्के होकारार्थी ठरल्या होत्या. लक्षणांवाचून आलेला असा अहवाल म्हणजे रोग नव्हे.

परंतु म्हणून त्याची उपेक्षा करणेही तितकेच घातक. अमेरिकी सैन्यदलांनी साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरील २००३ च्या अभ्यासात ल्यूपसच्या १३० रुग्णांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानापूर्वीच स्वप्रतिपिंडे आढळली. काहींत तर नऊ वर्षांहून अधिक काळ आधी. उलटपक्षी, ‘रो’ किंवा ‘जो-१’ प्रतिपिंडे असूनही प्राथमिक चाचणी नकारार्थी येऊ शकते. तेव्हा लक्षणे बोलकी असतील तर एका नकारावर विसंबून रुग्णाची बोळवण करणे योग्य नव्हे.

या विवेकाचे मोल गर्भवतीच्या बाबतीत सर्वाधिक आहे. ‘रो’ प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. अशा मातांच्या सुमारे २ टक्के गर्भांत हृदयाचे ठोके नियंत्रित करणारा विद्युत्‌मार्ग खंडित होतो. पूर्ण खंडित झालेला मार्ग सहसा पूर्ववत होत नाही. अनेक बालकांना पेसमेकर बसवावा लागतो. माता स्वतः ठणठणीत असल्यास तिला याची पूर्वकल्पनाही नसते. एका अपत्यास हा विकार झाल्यास पुढील खेपेस धोका कितीतरी पटींनी वाढतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने तो कमी करता येतो, हेही आता दिसून आले आहे. ज्या स्त्रीला आधीच ल्यूपस वा शोग्रेनचा विकार आहे, तिची ‘रो’ची तपासणी गर्भधारणेपूर्वीच व्हावयास हवी.

चाचण्या वाढविणे किंवा बंद करणे हा या प्रश्नावरील उपाय नव्हे. रुग्णाची हकीकत आधी ऐकावी, मग चाचणी सांगावी, होकार आल्यास प्रतिपिंडाचे लक्ष्य कोणते ते शोधावे आणि त्याचा अर्थ रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावा, हा क्रम पाळला गेला पाहिजे. प्रतिपिंड हा साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी करून निवाडा देण्याची जबाबदारी वैद्याची असून ती प्रयोगशाळेच्या छापील कागदावर ढकलता येणार नाही.